काकांचं रुसलेलं नाक

“फणस. फणस आहे इथे. कोणी हलू नका, कोणी श्वास घेऊ नका, सगळी हवा मला पाहिजे.”

काका ओरडत होते. पांढरं धोतर, काळा बंद गळ्याचा कोट, डोक्यावर टोपी, आणि गळ्यातली तुळशीची माळ रुमालात गुंडाळून वर सेफ्टी पिन लावलेली. असा थाट करून ते एका व्हिस्कीच्या कारखान्याच्या गोदामात, दोन पिंपांच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभे होते. आम्ही वीस-बावीस पर्यटक जागच्या जागी खिळलो. बेंगळुरूहून आलेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने तर खरोखरच श्वास रोखला. तो निळा पडायला लागला तेव्हा बायकोने त्याला चिमटा काढून चालू केलं.

“सर, इथे फणस नाही,” गाईड बाई अजिजीने म्हणाली. “ओकचं पिंप आहे. परदेशातून आलंय.”

“परदेशातून येऊ दे नाही तर कृष्णराजनगरातून. फणस आहे.”

दारूच्या दुकानासमोरचा फूटपाथ आला की रस्ता ओलांडून पलीकडून जाणारा हा माणूस तिथे काय करत होता, हे सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे ऑम्लेटपर्यंत.

मी मूळचा मिरजेचा, म्हैसूरला अन्नतंत्रज्ञान शिकायला गेलो. आमच्या आईच्या नकाशात हुबळीच्या पुढे परदेश सुरू होतो. शेजारणींना ती “मुलगा बाहेर शिकतो” एवढंच सांगायची, कुठल्या बाहेर ते नाही. एकीने मला तिकडे बर्फ पडतो का विचारलं, तेव्हा आईने विषय बदलला. तर या परदेशात मला अग्रहार भागात काका-काकूंच्या घरी माडीवरची खोली भाड्याने मिळाली. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून तिथलं. विठ्ठलभक्त, घरात मराठी. पण ती मराठी अशी की वाक्य मराठीत घरातून निघायचं आणि कन्नडमध्ये बाजारात पोचायचं.

काकांनी चाळीस वर्षं एका अगरबत्तीच्या कारखान्यात मसाला जुळवला होता. चंदन किती, ऊद किती, मोगरा किती, हे ते नाकाने ठरवत. त्या नाकाबद्दल मी जे सांगेन ते कमीच असेल. चामुंडीच्या टेकडीवर कोणी नारळ फोडला की काका इकडे कट्ट्यावर बसून सांगत, नासका निघाला. टेकडीवर जाऊन खात्री केलेला माणूस मला भेटलेला नाही, पण शंका घेतलेलाही भेटलेला नाही. पेपर आला की आधी हुंगत आणि म्हणत, “शाई ताजी, बातमी शिळी.” मी सामान घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा नाव विचारण्याआधी ते माझ्यावर ओणवे झाले आणि म्हणाले, “रेल्वेची चादर. भडंग. आणि दोन दिवस आंघोळ टाळलीस.” तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दोन वास हुंगताना मध्ये ते स्वतःच्या डाव्या कोपराचा वास घेत. बाजारात फुलं घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर शेजारच्या आजोबांच्या मयताला. “आपल्या कोपराला आपलाच वास असतो,” ते मला समजावत. “तो घेतला की नाक पुसलेल्या पाटीसारखं कोरं होतं. कारखान्यात सगळे करतात की.” आणि मग त्यांचं ठरलेलं सुभाषित यायचं: “डोळे फसतात, कान ऐकीव, जीभ लाचार. खरं बोलणारं एकच. तोंडाच्या वरच्या मजल्यावर राहतं ते.”

घराचा नियमही नाकानेच चालायचा. दारू नाही, अंडं नाही. “अंडं शिजवलंस तर मला खालून कळेल. नुसता विचार केलास तरी कळेल, फक्त दोन मिनिटं उशिरा.” मी दीड वर्ष अंड्याचा विचारसुद्धा कॉलेजात जाऊन केला.

मग काकांना ताप आला. आठवडाभर राहिला आणि गेला. त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका रविवारी दोघंही लग्नाला गेलेली पाहून मी बंडखोर झालो. अंडी आणली, दार लावलं, खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला आणि ऑम्लेट टाकलं. ते तव्याला लागून धूर काढायला लागलं, त्याच क्षणी दारावर थाप. काका. शिडी हवी होती म्हणून लवकर परतले होते. मी दार उघडलं. खोलीत असा वास होता की भिंतीवरची पाल घर सोडून चालली होती. काका तव्यापासून एका हातावर येऊन उभे राहिले, तव्याकडे पाठ करून, धुराने चुरचुरणारे डोळे चोळत, आणि म्हणाले, “काय रे, उपमा करपला?”

मी वाचलो होतो. पण वाचल्याचा आनंद होईना. चामुंडीवरचा नारळ ओळखणारा माणूस ऑम्लेटला उपमा म्हणतो? तेवढ्यात ते वळले, त्यांनी तवा पाहिला, टरफलं पाहिली, आणि ओरडायच्या ऐवजी माझ्या ट्रंकेवर बसले.

“गेलं रे,” ते म्हणाले.

“काय गेलं, काका?”

“नाक. तापाबरोबर गेलं. नुसती भिंत आहे आत. हिला सांगू नकोस. लग्न झाल्यापासून ती एका नाकाशी संसार करते. नाक वजा जाता जो उरतो, तो तिला चालेल न चालेल.”

अंड्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाकाबद्दल बोलायचं नाही, असा करार झाला. पण करार तिथे थांबला नाही. निवृत्त झाल्यावरही कारखान्याचे मालक दर गुरुवारी नवीन मसाल्याचे नमुने रिक्षाने काकांकडे पाठवत. काका हुंगून फोनवर निकाल देत. नाक गेल्यावर तीन महिने त्यांनी अंदाजाने निकाल दिले होते; आता हुंगायचं कोणी? मी. मला जन्मापासून सायनस. माझं नाक म्हणजे बारा महिने तेरा काळ बंद असलेलं सरकारी कार्यालय.

दर गुरुवारी काका माझ्या खोलीत यायचे, मी काडी नाकाशी धरायचो आणि प्रामाणिकपणे सांगायचो. “काका, हे मिरज स्टँडवर विसरलेल्या उपरण्यासारखं वाटतं.” काका डोळे मिटून विचार करायचे, मग फोन उचलून मालकांना सांगायचे, “ऊद जास्त झालाय. भक्त घाबरेल.” मी म्हणायचो, “ओल्या कुत्र्यावर गुलाबपाणी.” ते फोनवर म्हणायचे, “कल्पना धाडसी आहे.” माझ्या नाकातून पास होऊन जो माल बाजारात गेला, त्याने काय उत्पात केला ते विचारू नका. एका देवळातले उंदीर त्या अगरबत्तीने समोरच्या देवळात राहायला गेले. मालक मात्र खूश. केरळातून मागणी वाढली होती.

उपाय काकांनी सगळे केले. कापूर हुंगला, डांबराच्या गोळ्या हुंगल्या, अमोनियाची बाटली हुंगून डोळ्यांतून तासभर पाणी काढलं. देवराज मार्केटमधल्या फुलवाल्यांच्या रांगेत ते दोन्ही बाजूंनी फिरले. डॉक्टर म्हणाले, रोज वेगवेगळे वास घेत राहा, नाकाला व्यायाम द्या. काकांचं निदान वेगळं होतं. “नाक मेलेलं नाही, रुसलंय. रुसलेल्याला रोजची भाजी वाढून उपयोग नसतो. ज्याची कधी ओळख नाही असं काही पुढे ठेवलं पाहिजे.”

अशात मे महिन्यात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली, मालकांचा निरोप: नव्या अगरबत्तीच्या पाकिटावर काकांचा फोटो छापायचा आहे, सोमवारी मी स्वतः तीन नमुने घेऊन घरी येतो, माझ्यासमोर हुंगून एक निवडा. समोर म्हणजे काकूंच्याही समोर. काकांनी तो निरोप ऐकून डाव्या कोपरात तोंड खुपसलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माझे मिरजेचे मित्र, मक्या आणि अस्लम. परदेशात शिकणाऱ्या मित्राला भेटायला आले होते. राजवाडा बघून झाला, टेकडी झाली, दोघांनी मिळून एकोणीस डोसे खाल्ले. मग मक्याला मोबाईलवर कृष्णराजनगराच्या बाजूचा एक व्हिस्कीचा कारखाना सापडला. पर्यटकांना आत फिरवतात, शेवटी चाखायला देतात. शनिवारचं बुकिंग. काका-काकूंना सांगायचं काय? बैलकुप्पेला तिबेटी मठ बघायला जातोय. मी हे जिन्यात उभा राहून दबक्या आवाजात पढवत होतो, आणि मक्या, ज्याचा दबका आवाज म्हणजे सभेतलं भाषण, म्हणाला, “म्हणजे म्हातारा विचारेल तेव्हा व्हिस्की नाही म्हणायचं, मठ म्हणायचं, बरोबर ना?”

म्हातारा जिन्याखालीच होता.

शनिवारी सकाळी आम्ही टॅक्सीत बसायला गेलो तर पुढच्या सीटवर काका. कोट, टोपी, मांडीवर डबा. मला वाटलं, शेवटचं सत्र बाकी, आणि खोली गेली. काका वळून म्हणाले, “मी पण मठ बघायला येतो. हिला सांगितलंय.” मग आवाज उतरवून, “दारू मी कधी हुंगलेली नाही. उरलेली तेवढीच एक. प्यायची नाही, नुसतं नाकाने बघायचं. साकु,” ते कन्नडवर घसरले, “एवढं पुरे.”

“पण काका, माळ?”

त्यांनी रुमाल काढला. “माळेला हे दिसायला नको. तिचे डोळे झाकतो.” आणि पिन लावली.

बिळिकेरेच्या फाट्यावर सरळ गेलं की बैलकुप्पे, उजवीकडे वळलं की कृष्णराजनगर. काकांनी टॅक्सी थांबवली, खाली उतरले, सरळ जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून हात जोडले, आम्हा तिघांनाही जोडायला लावले. “झालं. मठ बघितल्यासारखंच आहे. आता घे उजवीकडे.”

कारखान्यात पहिल्या दालनात भिजवून वाळवलेला सातू होता. काकांनी ओंजळभर घेऊन त्यात नाक बुडवलं. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काय पणाला लागलंय ते मी मित्रांना टॅक्सीतच सांगितलं होतं. काकांनी मान हलवली. “भिंत.”

दुसऱ्या दालनात मोठमोठ्या टाक्यांत सातूचं पाणी आंबत होतं. तिथे असा दर्प होता की माझ्या सायनसच्या दोन्ही खिडक्या जन्मात पहिल्यांदा एकदम उघडल्या. मक्या रडायला लागला. अस्लम भिंतीला धरून म्हणाला, “आपण अजून प्यायलो नाही ना?” काकांनी टाकीच्या झरोक्यात टोपीसकट डोकं घातलं आणि गाईड बाईने त्यांना कोटाच्या शेपटाला धरून बाहेर ओढलं. “भिंत,” काका म्हणाले.

तिसऱ्या दालनात दोन मजली उंचीची तांब्याची भांडी होती, सोन्यासारखी लखलखीत. बाई त्यांत दारू कशी उकळते ते सांगत होती. काका म्हणाले, “घासायला चिंच किती लागत असेल.” पण त्या विनोदात जीव नव्हता. तिथेही भिंतच होती.

शेवटचं दालन गोदामाचं. अंधारं, उबदार, छतापर्यंत पिंपं. दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, असं बाईने सांगितलं. काका माझ्या कानाशी म्हणाले, “तरीच. वरचे सगळे प्यालेले. माझं गाऱ्हाणं ऐकणार कोण?” मग ते एका आडव्या पिंपावर बसले. डबा मांडीवर, टोपी तिरकी. “सोमवारी खरं सांगून टाकतो रे. फोटो नको म्हणतो. हिला पण सांगतो.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. ते सवयीने डाव्या कोपराकडे वळले, श्वास घेतला, मान वर केली, आणि ताडकन उठून ओरडायला लागले, ते तुम्ही ऐकलंच आहे.

बाईने शेवटी त्यांच्या मोठ्या सरांना बोलावलं. हे सर कारखान्यातले चव ठरवणारे. नाकासाठी कांदा सोडलेला, अत्तर सोडलेलं, असं बाईने आदराने सांगितलं. सरांनी लांब नळी घालून त्या पिंपातली व्हिस्की काढली, पेल्यात घोळवली, हुंगली. “व्हॅनिला,” ते म्हणाले. “जर्दाळू. थोडं मध.” काका छातीवर हात बांधून उभे. सरांनी पुन्हा हुंगलं. एवढा म्हातारा, एवढ्या खात्रीने ओरडतोय. सरांच्या चेहऱ्यावर शंका उमटली आणि शंकेचं तेज झालं. “आहे,” ते सावकाश म्हणाले. “पिकलेला फणस. अगदी मागे. कमाल आहे.”

मग पेला सगळ्यांमधून फिरला. बेंगळुरूचा नवरा म्हणाला, फणसच. बायको म्हणाली, गरेसुद्धा वेगळे कळतात. मक्याने आठळीचा वास ओळखला. अस्लम म्हणाला, फणसाच्या झाडाखाली बांधलेली शेळी. मलाही स्वच्छ फणस आला, आणि मला तर सायनस.

शेवटी पेला काकांकडे आला. त्यांनी हुंगला. कोपर हुंगलं. पुन्हा पेला हुंगला.

“ह्यात फणस नाही,” ते म्हणाले.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण पाहायला वेळ नव्हता. काकांनी पेला अस्लमच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि ते गुडघ्यांवर बसून पिंपांच्या रांगेमागे रांगत गेले. आतून खरडल्याचा आवाज आला. मग काका उलटे रांगत बाहेर आले ते दोन्ही हातांनी एक गोणपाट ओढत. गोणपाटात, मूल झोपावं तसा, पंधरा किलोचा फणस होता. पिकून देठाशी फुटलेला.

गोदामातला एक हमाल, वरुणा गावचा, पुढे आला. “माझा आहे,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “घरी पिकायला आठ दिवस लागतात. इथे उबेला चार.”

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काका नाचत होते, हे नक्की. ते मक्याचा मोजा हुंगून “अरे वा, मेलेला आहे” म्हणाले. गाईड बाईच्या पर्समध्ये पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, आहे आणि त्यात शेंगदाणे जुने आहेत, हे त्यांनी चार हातांवरून सांगितलं. अस्लमला मिठी मारून “तुझं अत्तर नकली रे बाळा, पण काय सुंदर नकली” म्हणाले, आणि त्या मिठीत अस्लमच्या हातातला पेला काकांच्या कोटावर, धोतरावर, आणि डोक्यावरच्या टोपीवर सांडला. हमालाने कोयता आणला. काकांनी डब्यातलं खोबरेल सगळ्यांच्या हाताला लावायला दिलं (काकूंनी मठात दिव्याला म्हणून दिलं होतं). सरांनी एका हातात गरा आणि एका हातात पेला घेऊन कोपऱ्यात उभं राहून दोन्ही हुंगले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढे त्या कारखान्याने फणसाच्या स्वादाची व्हिस्की काढली म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही.

सोमवारी मालक आले तेव्हा काकांनी पहिली काडी नाकाशी नेली आणि परत ठेवली. “ह्यात चंदन नाही. चंदनाची आठवण आहे.” दुसरीला म्हणाले, “ही पोरीच्या लग्नात लावा, नंतर नको.” तिसरी निवडली. मग दर गुरुवारचे माझे जुने निकाल आठवून त्यांनी मालकांना मी पास केलेल्या मालातली एक काडी पेटवायला लावली. ती हुंगून माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला आत गेलो.

पण ते सोमवारी. शनिवारी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा काकू दारातच पाट टाकून तांदूळ निवडत होत्या. मक्या आणि अस्लम टॅक्सीतून उतरेचनात. मी काकांच्या मागे लपलो, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने पाहता अगदी चुकीच्या ठिकाणी. काकांच्या कोटातून अख्खा कारखाना दरवळत होता. रुमाल गळ्याशी, माळ आत, टोपी ओली, मिशीला फणसाचा चीक. काकूंनी वर पाहिलं, एकदा श्वास घेतला, आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

काकांनी खोटं बोलायला तोंड उघडलं. मठ, भिक्षू, सोन्याची मूर्ती, सगळं टॅक्सीत पाठ करून आले होते. पण त्यांच्या तोंडून ते निघेना. त्यांनी रुमालाची पिन काढली, माळ मोकळी केली आणि पायरीवर बसले.

“तुला एक सांगायचं होतं,” ते म्हणाले. “तापानंतर माझं नाक गेलं होतं. आठ महिने. तुला कळू दिलं नाही. आज परत आलं.”

काकूंनी सूप खाली ठेवलं.

“हिंग संपून सहा महिने झाले,” त्या म्हणाल्या. “उद्या घेऊन या.”